प्रेमकथेच्या नावावर सातबारा

परवा वाचन गटात एक तरुण कार्यकर्ता वैतागून म्हणाला, "तुम्ही लोक प्रेमकथेतसुद्धा जात शोधता." चर्चा चालली होती अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या जुन्या प्रणयकादंबऱ्यांची. गोऱ्यांची वस्ती संपते आणि जंगल सुरू होते तिथे घडणाऱ्या कथा, एक गोरी मुलगी, एक देखणा आदिवासी योद्धा. त्या दिवशी वेळ संपली आणि उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

होय, शोधतो. कारण ती तिथे ठेवलेलीच असते.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले पुस्तक घ्या. जेम्स फेनिमोर कूपरचे 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स', १८२६ सालचे. कथा १७५७ ची, न्यूयॉर्कच्या जंगलातली, इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या धामधुमीतली. कर्नल मन्रोच्या दोन मुली, आया वेगवेगळ्या. धाकटी ॲलिस पूर्ण गोरी. थोरली कोरा हिच्यात मात्र आईकडून वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या रक्ताचा अंश आलेला. मोहिकन तरुण अन्कस कोराकडे ओढला जातो. खलनायक मागुआलाही तीच बायको म्हणून हवी असते. शेवट काय? कोरा मेली, अन्कस मेला, मागुआ मेला. ॲलिसचा संसार गोऱ्या मेजर हेवर्डशी. गुलामाच्या रक्ताचा एक थेंब ज्या बहिणीत आहे, तीच नेमकी मरते, हा योगायोग समजायचा?

त्यात हॉकआय नावाचा गोरा शिकारी आहे, मोहिकनांचा जिवलग मित्र. आपल्या रक्तात भेसळ नाही, हे तो इतक्या वेळा सांगतो की वाचणाऱ्याला कंटाळा येतो. अंत्यविधीच्या वेळी डेलावेअर मुली गातात की कोरा आणि अन्कस परलोकात तरी एकत्र येतील. हॉकआय मान हलवतो. कोराचा बाप म्हणतो, वर गेल्यावर रंगाचा भेद न राहता आपण सगळे भेटू. हे वाक्य त्या आदिवासींना भाषांतर करून सांगायलाही हॉकआय तयार नाही. मित्र चालतो, जीव देणारा मित्र तर फारच चालतो. सोयरीक स्वर्गातही नको. गावकीत वाढलेल्या आम्हाला हा माणूस परका वाटत नाही.

आता बाबासाहेबांकडे या. ९ मे १९१६ रोजी, त्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचा गाभा म्हणजे आपल्यातच लग्न. ते टिकवायचे तर जोडीदार मेलेल्या 'जादा' स्त्रीचे आणि 'जादा' पुरुषाचे काही तरी करावे लागते, नाहीतर ते कुंपण ओलांडतील. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे त्या प्रश्नाचे उपाय. बाबासाहेब भारताबद्दल बोलत होते, कूपरबद्दल नव्हे. पण ते हत्यार हातात घेऊन कादंबरी वाचा. कोरा आणि अन्कस हे तिथले 'जादा' आहेत. त्यांची विल्हेवाट लावायचे काम प्रथेने केले नाही, लेखकाने केले.

कोणी म्हणेल, सगळेच कूपर नव्हते. मान्य. लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेने १८२४ मध्ये, वयाच्या बाविशीत, 'होबोमोक' लिहिली. त्यात गोरी मुलगी आदिवासीशी खरेच लग्न करते, मूलही होते. त्या काळी हे धाडसच. चाइल्डबाई पुढे गुलामगिरीविरुद्ध लढल्या, त्यांना आम्ही कूपरच्या रांगेत बसवत नाही. पण त्यांच्याही कथेत मेलेला समजलेला गोरा प्रियकर परत येतो आणि होबोमोक स्वतःहून बायको-मूल सोडून निघून जातो. मुलगा हार्वर्डला शिकतो आणि बापाचे नाव हळूहळू गळून पडते. चांगल्या मनाच्या लेखिकेलाही याहून वेगळा शेवट सुचला नाही.

का सुचला नाही, ते जमिनीत शोधा. कूपरचा बाप विल्यम कूपर जमिनीचा मोठा व्यापारी. इरोक्वाय लोकांच्या जुन्या प्रदेशात, ओत्सेगो तलावाकाठी त्याने वसाहतवाल्यांना जमिनी विकल्या, गावाला आपले नाव दिले. लेखक त्या पैशावर वाढला. पुस्तक आल्यानंतर चार वर्षांनी, १८३० मध्ये, आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये चेरोकींना बंदुकीच्या धाकाने चालवत नेले, त्यात सुमारे ४,००० माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो. ज्याची जमीन घ्यायची तो आधीच 'शेवटचा' ठरला तर घेणाऱ्याचे काम सोपे होते. वाचक रडतो आणि मोकळा होतो. गंमत बघा, ज्यांना कूपरने संपवले ते मोहिकन पुस्तक छापले जात होते तेव्हा न्यूयॉर्क सोडून विस्कॉन्सिनला ढकलले जात होते. आजही ते तिथे आहेत, स्टॉकब्रिज-मुन्सी नावाने, स्वतःच्या सरकारासह.

१९९२ च्या सिनेमात हॉकआयला कोरा मिळते. पण कशी? तिच्या रक्तातला तो अंश पटकथेतून काढून टाकूनच. अन्कस तिथेही मरतो.

आमच्या त्या मित्राला एक पुस्तक सुचवतो. मोर्निंग डव्ह ही ओकानोगन बाई, शेतमजुरी करत लिहिणारी. तिची 'कोगेविया' १९२७ मध्ये छापली गेली. गोऱ्या संपादकाने त्यात इतकी ढवळाढवळ केली की पुस्तक वाचताना तिला ते दुसऱ्याच कोणाचे वाटले. तरीही कथेचा कणा तिचाच. मिश्र रक्ताच्या नायिकेमागे पूर्वेकडचा एक गोरा लागतो, प्रेमासाठी नव्हे, तिच्या मालमत्तेसाठी. मालमत्ता नाही हे कळताच तो तिला मारहाण करून झाडाला बांधून पळतो. नायिका मरत नाही. तिच्यासारख्याच मिश्र रक्ताच्या जिमबरोबर ती जगते.

(आणि हो, "स्थळ बौद्धच पाहिजे, पण आपल्याच पोटजातीतले" असे कुजबुजणाऱ्या आपल्या घरांनीही कूपर वाचायला हरकत नाही.)

त्याच पुस्तकात सुरुवातीला कोगेविया एका गोऱ्या लेखिकेची अशीच प्रणयकादंबरी वाचते. त्यातला मिश्र रक्ताचा नायक आपल्याच रक्ताची लाज बाळगणारा. ती संतापते, उठते आणि ते पुस्तक स्वयंपाकघरातल्या चुलीत घालते. साल १९२७. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला काय जळले, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.