साइटवरची भांडणं : राग मुकादमावर, पण जबाबदारी कुणाची?

करी रोड परिसरात गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि कामाची जागाही बदलली. गिरणीत मालक एक होता, गेट एक होतं. बांधकामाच्या साइटवर विकासक, मुख्य कंत्राटदार, पोटठेकेदार आणि मुकादम अशी उतरंड असते. वाद मिटवायचा कुणी, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

वाद कशावरून होतात?
सेंट्रिंग रखडलं की लोखंड बांधणारे खोळंबतात आणि स्लॅबची तारीख चुकते. हजेरी कमी लागते, उचल कापताना हिशेब जुळत नाही, पगार थकतो. वरवर ही दोन माणसांची बाचाबाची दिसते. प्रत्यक्षात कामाचा क्रम आणि पैसे वरच्या पातळीवर ठरलेले असतात.

कायदा काय सांगतो?
चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी त्याला काम देणाऱ्या मुख्य नियोक्त्यावर येते. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समान असतात आणि ३० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो.

मग अडतं कुठे?
साइटवर दोनशे माणसं असली तरी प्रत्येक टोळी पंधरा-सोळा जणांची असेल, तर प्रत्येक पोटठेकेदार ‘आम्हाला समिती लागू नाही’ म्हणून हात वर करू शकतो.

समिती पुरेशी आहे?
नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा वाद सोडवण्याची यंत्रणा अस्तित्वात होती. मात्र १९४६च्या कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगारांचा विश्वास तिच्यावर उरला नव्हता, ते डॉ. दत्ता सामंतांमागे गेले. मान्यता असलेल्याकडे विश्वास नव्हता आणि विश्वास असलेल्याला मान्यता नव्हती. त्याची किंमत याच भागातल्या चाळींनी मोजली.

काय करता येईल?
मुख्य कंत्राटदाराने सगळ्या टोळ्यांची मिळून एकच समिती करावी आणि कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनाच निवडू द्यावेत. हजेरी आणि उचल लेखी असावी. गेटवरच्या फलकावर विकासक आणि आर्किटेक्ट यांची नावं असतात. तक्रार कुणाकडे करायची, ते नाव आणि फोन नंबरही त्याच फलकावर, कामगारांना वाचता येईल अशा भाषेत लिहावा. मुकादमाशी वाजलं, तरी पुढे जायला दार आहे, एवढं कामगाराला पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.