पोलीसखाते हवे की नको?

पोलीसखाते हवे की नको हे लोकांना मतपत्रिकेवर विचारले तर? अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात ते खरोखर विचारले गेले.

२५ मे २०२० रोजी तेथे एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची मान गुडघ्याखाली दाबून त्याचा जीव घेतला. पोलीसखाते असलेच पाहिजे, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात किमान इतके पोलीस हवेतच, असे त्या शहराच्या सनदेत, म्हणजे एका अर्थी शहराच्या घटनेतच, लिहिलेले होते. नागरिकांनी हजारो सह्या जमवून हे कलम बदलण्याचा प्रस्ताव मतदानाला आणला. २ नोव्हेंबर २०२१ रोजी तो पडला. सुमारे ५६ टक्के मते विरोधात गेली.

कृष्णवर्णीयांतही विरोध होता, याचे मला प्रथम नवल वाटले. पण दोष प्रश्नाचाच होता, असे माझे मत आहे. नव्या 'सार्वजनिक सुरक्षा' खात्यात पोलीस 'आवश्यक असल्यास' असू शकतील, एवढेच मतपत्रिकेवर होते. मध्यरात्री दारावर लाथ बसली तर धावून कोण येणार? गरिबाला पोलिसाची भीती वाटते, तशी चोराचीही वाटते!

आपल्याकडे दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायाबापड्या सह्या करून मतदान मागतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निरक्षर आजीलाही ते कळते. मिनिआपोलिसच्या प्रश्नात इतका उलगडा नव्हता.

तरी लोकांना विचारले तर खरे! हे मी घरी सांगितले, तेव्हा चौकीची पायरी चढताना चप्पल काढणारे माझे वडील एवढेच म्हणाले, "हळू बोल."