चित्रखुणेचा आकार कोणाला विचारून ठरवावा?

आमच्या संगणक विभागात 'पाहणी' हा अलीकडे एक ठरीव विधी होऊन बसला आहे. संकेतस्थळाचे एक पान करायचे, त्यावरील चित्रखुणा लहान, मध्यम व मोठ्या आकारांत मांडायच्या आणि वर्गातल्याच मित्रांना विचारायचे, 'कोणता आकार आवडला?' बहुमत बहुधा लहान आकाराला पडते, कारण पान नेटके दिसते. निष्कर्ष वहीत उतरतो, त्यावर सही होते. याला चाचणी म्हणावे काय? माझ्या मते हे केवळ रूपाला दिलेले मत आहे.

गेल्या दिवाळीत मी बडोद्याजवळ बाजव्याला मामांकडे गेलो होतो. बाजवा हे बडोदा-अहमदाबाद लोहमार्गावरचे स्टेशन. शेजारी खतांचा मोठा कारखाना, पलीकडे कोयलीची रिफायनरी. मामांची सारी नोकरी कारखान्यात गेली. बोटे जाड, चष्मा दुहेरी भिंगाचा. आमच्या विभागात झालेले तिकीट-आरक्षणाचे नमुन्याचे पान मी त्यांना मोबाइलवर दाखवले. आवड विचारली, तर म्हणाले, "हा बारीकच बरा, सुबक आहे." मग म्हटले, "मामा, आता यावरून अहमदाबादचे तिकीट काढून दाखवा." बोट 'शोधा'वर टेकवावे, तर शेजारचे 'मागे' दाबले जाई. तिसऱ्या खेपेला मोबाइल माझ्या हाती देत ते म्हणाले, "यापेक्षा आमची स्टेशनवरची खिडकी बरी!"

आवड एक सांगते आणि बोट दुसरेच सांगते. यात नवल नाही. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे नेमके पोहोचायला वेळ अधिक, हे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच प्रयोगाने दाखवले. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ च्या नियमावलीत कडक पातळीसाठी ४४ × ४४ पिक्सेलचे माप दिले. २०२३ च्या आवृत्तीत त्याखालच्या पातळीसाठी किमान २४ × २४, किंवा खूण त्याहून लहान असल्यास भोवती पुरेशी मोकळी जागा. शिवाय हे माप स्पर्श ओळखणाऱ्या जागेचे आहे, चित्राचे नव्हे. चित्र सुबक ठेवून ती जागा ऐसपैस करता येते. म्हणजे सौंदर्य व सोय यांचे भांडण बरेचसे लटकेच आहे.

कोणी म्हणेल, मग सगळेच मोठे करा! तसेही नाही. चित्र फुगले की खालच्या अक्षरांची जागा जाते. मराठीला वर मात्रा-वेलांटी लागते, कन्नडला खाली ओत्तक्षर; दोन्ही विभागांच्या वाचकांना हे सांगायला नको. आणि ज्याने फ्लॉपी कधी पाहिलीच नाही, त्याला 'जतन करा'साठी तिचे चित्र ताटाएवढे काढून दाखवले तरी काय बोध होणार?

प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयासमोर पालकांची रांग लागते. प्रकल्पवाल्यांनी तेथे जावे. प्रत्येकाला आधी एक काम सांगावे, वेळ किती लागला आणि बोट किती वेळा चुकले ते टिपावे, 'आवडले का?' हे सर्वांत शेवटी विचारावे. मार्गदर्शकांनीही सहीपूर्वी तेवढे टिपण मागून घ्यावे.