मंडईचा पाहुणा आणि पनीर

स्कॉटलंडातली माणसे २५ जानेवारीच्या रात्री काय जेवतात, ठाऊक आहे? मेंढीचे हृदय, काळीज आणि फुप्फुस बारीक करायचे, त्यात ओटची भरड, चरबी नि कांदा कालवायचा आणि उकडायचे! या गोळ्याचे नाव हॅगिस. सोबत कुस्करलेले बटाटे आणि सलगम. बरे, गोळा गुपचूप वाढत नाहीत. पुढे बॅगपाइपची वाजंत्री, मागे ताट, मंडळी उठून उभी. आणि मग त्या गोळ्यालाच उद्देशून कविता! कविता रॉबर्ट बर्न्सची, जयंतीही त्याचीच. १७५९ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा पोर १७९६ मध्ये वारला. १८०१ मध्ये मित्रांनी त्याच्या आठवणीत पहिली पंगत मांडली. तेव्हापासून गोळा मानाने मिरवतो आहे.

आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात? दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, नाहीतर नाटक. घरोघरी पाहुणे. म्हणजे वाजंत्री आहे, गाणे आहे, पंगत आहे. ताटात मात्र पनीर! जोडीला बासमतीचा जिरा राईस. तोही धानाच्या कोठारात! हा ताळेबंद काही जुळत नाही.

"काहून जी, रोडगे नाही केले?" असे विचारावे, तर उत्तर ठरलेले : "पाहुणे काय म्हनतील जी?" अहो, पाहुणा साकोलीहून लाखांदूरला आला आहे, लंडनहून नव्हे! त्याच्या गावच्या मंडईलाही पनीरच शिजते. दोघेही एकमेकांच्या धाकाने एकच भाजी गिळतात.

तर बेत लिहून घ्या. पाहुणा टेकला की उकडलेले शिंगाडे. तळ्यांचा जिल्हा आहे. ढिवरांनी पाण्यात उतरून ते काढलेले असतात. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, तुपात बुडवून. वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण. शेवटी चिन्नोरचा भात. तो शिजला की निमंत्रणाची गरज नाही, वासानेच शेजारी येतो. पण चिन्नोर उशिरा निघतो, उताराही कमी. सणालासुद्धा आपण तो शिजवला नाही, तर शेतकऱ्याने लावायचा कोणासाठी?

"हे सारे बोलाले सोपं हाये, राबते कोन?" हा घरातला आक्षेप मात्र सोळा आणे खरा. दिवसभर पाहुण्यांचा चहा उकळणाऱ्या बाईला पनीर बिचारे अर्ध्या तासात सोडवते. तिला दोष देणारा मी कोण! पण रोडगे हे मुळात पुरुषांचे काम. शेतातल्या पार्टीत गोवऱ्या रचायला आपण सगळे बल्लवाचार्य! मग घरच्या अंगणातच हात का आखडतो?

स्कॉटलंडचे पुरुष त्या रात्री परंपरेसाठी घागऱ्यासारखा किल्ट नेसतात. आपल्याला तर फक्त बाह्या वर सारायच्या आहेत.