दुखणे सोसायचे नाही



शिरूरमधील रांजणगाव, दौंडमधील कुरकुंभ येथील कारखान्यांत बाळंतपणानंतर परतलेल्या बाईने पंपाने दूध काढायचे म्हटले की सल्ला मिळतो, “थोडे दुखणारच.” मी म्हणते, दुखता कामा नये. पंपाचे नरसाळे स्तनाग्राहून किंचित रुंद हवे. स्तनाग्र आत मोकळे हलावे, कडेला घासू नये. दुखले तर आधी ओढ कमी करा, तरीही दुखले तर माप बदला. दोन्ही बाजूंचे माप वेगळे असू शकते.

1961च्या कायद्याने बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. पण बाळ घरी, आई पाळीवर! मग त्या सुट्ट्या दूध काढण्यासाठी मिळाल्या पाहिजेत, आडोशाच्या स्वच्छ खोलीसह. बाईने यंत्राच्या मापाचे व्हायचे नाही. यंत्र आणि कारखाना, दोन्ही तिच्या मापाचे हवेत.