पाटी कोण लिहिणार?

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला आपण सगळेच जातो. पण शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात किती जण डोकावतो? १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पेहरावांच्या, धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. २००८ मध्ये डागडुजी होऊन ते पुन्हा उघडलं आणि पुढे सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट अशा आजच्या कलाकारांनी या जुन्या वस्तूंच्या मधोमध आपली कामं मांडली. भारीच! काचेच्या कपाटांची झोप उडाली.

पण नावाजलेल्या कलाकाराला बोलावणं तसं सोपं. ज्यांच्या घरात असे धंदे पिढ्यान्‌पिढ्या चालले, ती माणसंही याच शहरात आहेत. वस्तूखालच्या पाटीवर काय लिहायचं, हे आपल्याकडची संग्रहालयं त्यांना क्वचितच विचारतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस प्रदर्शन घेऊन शाळांपर्यंत, गावांपर्यंत जाते. येताना तिनं तिथल्या लोकांचं बोलणंही भरून आणावं ना!

इतिहासाच्या, फाइन आर्ट्सच्या पोरांनी हे काम हक्कानं मागून घ्यावं. प्रोजेक्ट करायचाच आहे, तर एखादी प्रतिकृती निवडा, तो धंदा केलेल्या आजोबांना सोबत न्या, ते काय चुका काढतात ते फोनवर रेकॉर्ड करा आणि थेट क्युरेटरला ऐकवा. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.