आई ड्युटीवर, लेकरू कोणाकडे?



फेब्रुवारी 2018 मध्ये जयपूरचे गांधीनगर रेल्वे स्टेशन संपूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात आले. त्याआधी 2017 साली मुंबईच्या माटुंगा स्टेशनावर असेच झाले होते. वर्तमानपत्रांत फोटो आले, आपल्यालाही अभिमान वाटला. पण रात्रपाळीला चार्ज घेणाऱ्या भगिनीचे दीड वर्षाचे मूल सकाळपर्यंत कोणाजवळ झोपते, हा प्रश्न त्या फोटोंखाली कोणी छापला नाही.

जयपूर हे उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय. इथे नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबाची आजी भुसावळला नाही तर सोलापूरला असते. शेजारीण चांगली असते, पण तीही कामाला जाते. मग मोठ्या मुलीची शाळा बुडते, किंवा बाई नोकरी सोडते. ट्रॅकमनच्या बायकोने कपड्याच्या कारखान्यात शिवणकाम धरले, तर तिच्या पगाराचा मोठा हिस्सा खासगी पाळणाघराच्या फीमध्ये जातो. मग कमवायचे तरी कशाला, असे तिने म्हटले तर तिचे काय चुकले?

हा प्रश्न जुना आहे. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवत. त्या निर्दय नव्हत्या, त्यांना दुसरा मार्ग नव्हता. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू मांडली आणि 1929 साली तो कायदा झाला. 1948 च्या कारखाना कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली ही अट 30 वर आली. तेव्हा काही मालकांनी बायकांचा आकडाच तिशीच्या आत ठेवला! ही पळवाट बंद झाली ती 2017 च्या दुरुस्तीने. स्त्री-पुरुष मिळून 50 कामगार असले की पाळणाघर द्यावे लागेल, असे ठरले. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही हीच तरतूद आहे.

आम्हा सरकारी नोकरांना काय मिळाले? महिला कर्मचाऱ्यांना सप्टेंबर 2008 पासून 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. त्यांपैकी पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 365 दिवस 80 टक्के. ही आपल्या चळवळीची कमाई आहे. पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, साहेबांनी मंजूर केली तरच मिळते. स्टाफ कमी असला की अर्ज पडून राहतो. पुरुषांपैकी ती फक्त एकट्याने मूल सांभाळणाऱ्या बापाला मिळते. ग्रामीण डाक सेवक भगिनीला नाही, ठेकेदाराकडे फलाट झाडणाऱ्या बाईला नाही आणि ट्रॅकमनच्या बायकोला तर नाहीच.

आता खर्चाचे बघा. मुलांचा शिक्षण भत्ता 1 जानेवारी 2024 पासून महिना 2,812.50 रुपये झाला, पण तो पहिलीच्या आधीच्या दोन वर्गांपासून सुरू होतो. अंगणवाडीतला बालशिक्षणाचा वर्ग तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी, तोही काही तासांचा. बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे हा जो सर्वात अवघड काळ, त्यात आईबापाच्या हातात एक पैसाही पडत नाही.

यावर सरकारचाच एक दाखला आहे. दिव्यांग महिला कर्मचाऱ्यांना मूल दोन वर्षांचे होईपर्यंत बालसंगोपनाचा खास भत्ता मिळतो. 2024 पासून तो महिना 3,750 रुपये आहे. मूल सांभाळण्याला पैसा लागतो आणि तो मालकाने द्यावा, हे तत्त्व इथे मान्य झालेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की ते कमी पगाराच्या सर्व कामगारांना, स्त्री-पुरुष दोघांनाही लागू करा.

पैसा कुठून आणायचा, असे प्रशासन विचारील. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत उत्पन्न बघून फी ठरली होती : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना 20 रुपये, 12,000 रुपयांपर्यंत उत्पन्नाला 100, त्यावर 200. बाकीचा भार सरकारचा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने 1997 साली दिवसाला पाच डॉलर असा एकच दर बांधून दिला. मनात असले की मार्ग निघतो.

आपल्या मागण्या अशा : मोठ्या प्रत्येक रेल्वे आणि पोस्टल कॉलनीत पाळणाघर हवे, ते ऑफिसच्या वेळेत नव्हे तर तिन्ही पाळ्यांत उघडे हवे. रिकामी क्वार्टर्स त्यासाठी द्यावीत. ठेका कामगार आणि डाक सेवकांच्या मुलांना त्याच फीत प्रवेश मिळावा. आणि तिथे मुले सांभाळणाऱ्या बाईला पुरेसा पगार मिळावा. एका गरीब बाईची सोय दुसरीच्या पोटावर पाय देऊन होऊ नये.

शेवटी आपल्याच घरात डोकावू. पीएनएमच्या विषयपत्रिकेवर आपण क्वार्टर्सची गळती मांडतो, बूट आणि रेनकोट मांडतो. पाळणाघर किती वेळा मांडले? 'तो बायकांचा प्रश्न' म्हणून आपणच बाजूला सारले. मूल आईइतकेच बापाचे असते. प्रत्येक शाखेने या महिन्यात आपल्या कॉलनीतील तीन वर्षांखालील मुलांची यादी करावी, आईबापांच्या पाळ्या लिहाव्यात आणि ती यादी घेऊनच पुढच्या बैठकीला बसावे. नुसत्या भाषणाला प्रशासन 'बघू' म्हणते. नावांच्या यादीला तसे म्हणणे जड जाते.

कामगार एकजुटीचा विजय असो!